सात हाली, सहा कलदार

४२,८५,७१४ रुपये. हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर निजामाचा वार्षिक तनखा म्हणून सरकारी यादीत हा आकडा नोंदला गेला. त्याच यादीत म्हैसूरसमोर २६ लाख आहेत, जयपूर आणि त्रावणकोरसमोर प्रत्येकी १८ लाख. देशातला सर्वांत मोठा तनखा मात्र असा मोडका. थोडी आकडेमोड केली की उलगडा होतो. ५० लाखांना सहाने गुणा, सातने भागा. उत्तर येते ४२,८५,७१४ रुपये आणि वर साडेचार आण्यांहून किंचित जास्त. म्हणजे आकडा मुळात गोलच होता, पण तो हाली रुपयांत, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनात, होता. दिल्लीच्या वहीत चढताना सात हालीला सहा या दराने त्याचे कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे आणि पुढे भारताचे रुपये, झाले.

गोल रकमेला सातने भागले की १, ४, २, ८, ५, ७ हे सहा अंक याच क्रमाने फिरत राहतात. २५ लाख हालीचे २१,४२,८५७ कलदार होतात, एका लाखाचे ८५,७१४, दहा हजारांचे ८,५७१. १९५० नंतरच्या कागदात हैदराबादशी निगडित एखाद्या रकमेत ही साखळी दिसली, तर ती रक्कम मुळात हालीत ठरली असावी असे समजायला हरकत नाही. संस्थान गेले, नाणे गेले, तरी सातचा भागाकार आकड्यांत शिल्लक राहिला.

मी हे तारनाक्यात बसून लिहितो आहे, आणि या विषयाला ही जागा फार जवळची आहे. एका अंगाला उस्मानिया विद्यापीठ आहे. ते १९१८ साली निजामाच्या फर्मानाने स्थापन झाले आणि राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे हालीतून, उभे राहिले. आर्ट्‌स कॉलेजच्या भव्य दगडी इमारतीचे उद्घाटन डिसेंबर १९३९ मधले. उप्पलकडे जाणाऱ्या रस्त्यावरची रासायनिक प्रयोगशाळा १९४४ साली हैदराबाद सरकारनेच सुरू केलेली. दुसऱ्या अंगाला, इथून काही किलोमीटरवर, सिकंदराबाद. तिथे ब्रिटिशांची छावणी होती आणि छावणीत चालायचा तो कलदार. मुसी नदीच्या अलीकडे रेसिडेन्सीचा बाजार, आजचा सुलतान बाजार, तोही १९३३ पर्यंत ब्रिटिश अंमलाखाली होता, तिथेही कलदारच. एकाच शहरात, टांग्याच्या एका फेरीच्या अंतरावर, दोन वेगळे रुपये चालत होते. दोघांचेही आणे सोळा, आण्याचे पै बारा. किंमत मात्र वेगळी.

हा फरक शहरापुरता नव्हता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा सगळा व्यवहार हालीत होता. शेतसारा हालीत, मास्तरांचा पगार हालीत, सावकाराचे व्याज हालीत. बार्शी, सोलापूर, मनमाड, उमरखेड या बाजूंना हद्द ओलांडली की कलदार. आज महाराष्ट्राच्या नकाशात जी नुसती जिल्ह्यांची सीमा दिसते, ती तेव्हा दोन चलनांची सीमा होती. मराठी माणसाच्या इतिहासात विनिमय दराचे इतके मोठे, इतके दीर्घ आणि इतके घरोघरी पोहोचलेले दुसरे उदाहरण मला दिसत नाही. गोव्यातही वेगळे चलन होते, पण तिथला पोर्तुगीज रुपिया १८८० च्या दशकापासून ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीला बांधलेला होता. एकास एक, त्यामुळे हिशेबाचा त्रास नाही. हैदराबादचा दर मात्र ७ ला ६.

व्यापारी तो वेगळ्या तऱ्हेने मांडत: १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. हा आकडा ऐकायला विचित्र वाटतो, पण तो सात-सहाचाच अचूक हिशेब आहे. शंभरला सहाने भागून सातने गुणले की ११६.६६६ येतात, अपूर्णांकाचे आणे केले की दहा आणि दोन तृतीयांश, त्या दोन तृतीयांश आण्याचे बरोबर आठ पै. एक कलदार म्हणजे एक रुपया दोन आणे आठ पै हाली. एक हाली म्हणजे तेरा आणे साडेआठ पै कलदार, आणि त्याहून जरासे जास्त.

सात आणि सहा हे अंक आले कुठून? याचे उत्तर नाण्यातच आहे. निजाम उस्मानअली खानांचा चांदीचा रुपया हातात घेतला तर समोर चारमिनार दिसतो, मधल्या कमानीत राजाच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’, आणि कडेने आसफजाही किताब. वजन ११.१८ ग्रॅम, त्यात चांदीचे प्रमाण ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. पंचम जॉर्जचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात चांदी ९१.७ टक्के, शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. आता १०.६९ ला ९.१४ ने भागा. उत्तर येते १.१६९. शंभर कलदारांत जितकी चांदी, तितकी चांदी मिळवायला ११६.९ हाली लागतात. बाजारातला दर ११६.६७. दोन्हींत फरक पाव टक्क्याहूनही कमी. सात-सहा हा दर कुणा अधिकाऱ्याने मनात आणून ठरवलेला नव्हता. सराफाच्या तराजूने जे सांगितले असते, त्याच्या अगदी शेजारचा तो सोपा अपूर्णांक होता.

पण दर चांदीतून जन्मला म्हणून तो चांदीवर टिकला असे समजले, तर सगळा इतिहास चुकेल. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण जुन्या चलनांबद्दल बोलताना लोक सहज म्हणून जातात की तेव्हा नाण्यात चांदी होती म्हणून दर स्थिर होता. आकडे तसे सांगत नाहीत.

१८५७ नंतर मुघल बादशहाचे नाव नाण्यांवरून गेले आणि हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या कारकिर्दीत हाली सिक्का हे राज्याचे चलन ठरले. त्याआधी औरंगाबादकडे गोविंदबक्षी, आणखी कुठे आणखी काही, असे तऱ्हेतऱ्हेचे रुपये चालत आणि प्रत्येक ठिकाणी वर्ताळा देऊन ते बदलून घ्यावे लागत. तेव्हा कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि घडणावळ देऊन तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी रीत होती. या रीतीत रुपयाची किंमत चांदीच्या किमतीपासून फार दूर जाऊ शकत नाही.

मग जगात चांदी कोसळली. लंडनमध्ये १८७० च्या सुरुवातीला एका औंसाला सुमारे ६० पेन्स मिळत. १९०२ मध्ये सुमारे २४. ब्रिटिश सरकारने जून १८९३ मध्ये आपल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि काही वर्षांत कलदार १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे १६ पेन्सवर, नेऊन ठेवला. त्यातली चांदी १९०२ च्या भावाने जेमतेम ९ पेन्सची होती. म्हणजे कलदार आता चांदीचा तुकडा राहिला नव्हता. सरकारच्या शब्दावर चालणारे नाणे झाले होते.

आता हालीचा हिशेब करा. त्यातल्या ९.१४ ग्रॅम चांदीची किंमत त्याच भावाने साडेसात पेन्सच्या थोडी वर भरते. हाली केवळ चांदीच्या मोलाने चालला असता, तर १०० कलदारांना २१० च्या आसपास हाली मोजावे लागले असते. मुंबईच्या बाजारातून मीठ, कापड, लोखंड आणणाऱ्या जालन्याच्या व्यापाऱ्याला तोच माल जवळपास दुप्पट महाग पडला असता. हे टाळायचे तर हैदराबादलाही आपली टांकसाळ लोकांच्या चांदीला बंद करून नाण्यांची संख्या स्वतःच्या हातात घेणे भाग होते, आणि त्याने तेच केले. १९०३ मध्ये सैफाबादला नवी टांकसाळ झाली, यंत्रावर पाडलेले चारमिनारचे रुपये निघू लागले, आणि दर ११६ च्या आसपास धरून ठेवणे हे संस्थानच्या अर्थखात्याचे रोजचे काम झाले. हाली कमी पडला की जास्त पाडायचा, जास्त झाला की कलदार देऊन परत घ्यायचा. यासाठी तिजोरीत कलदाराचा साठा हवा. पुढे तो साठा हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांच्या रूपात राहू लागला. हा तपशील पुन्हा लागणार आहे.

पंधरा वर्षांत चांदी उलटी फिरली. पहिल्या महायुद्धात तिचा भाव चढत गेला आणि ४३ पेन्सला एक उंबरठा आला. त्या भावाला कलदारातली चांदी बरोबर १६ पेन्सची होते. त्यापुढे नाणे वितळवणे फायद्याचे. हालीचा उंबरठाही ४३ पेन्सच्याच आसपास येतो, कारण त्याची चांदी आणि त्याचा दर दोन्ही त्याच प्रमाणात कमी आहेत. १९१७ च्या सप्टेंबरात भाव ५५ पेन्सवर गेला. दोन्ही रुपये एकदमच मुशीत जाण्याजोगे झाले. ब्रिटिशांनी अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी घेतली. आणि हैदराबादला, जे ते इतकी वर्षे नाकारत आले होते, ते मिळाले: स्वतःच्या कागदी नोटा काढायची परवानगी.

१९१८ च्या कायद्याने दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा निघाल्या, पुढच्या वर्षी एक आणि पाचच्या, १९२६ मध्ये हजाराची. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही त्यांवर किंमत छापलेली असे. मराठी अक्षरांतली किंमत असलेली नोट मुंबई इलाख्यापुरती होती असे मानणाऱ्यांनी या नोटा जरूर पाहाव्यात. सुरुवातीला त्या विलायतेत छापल्या जात. त्यांतला एक साठा ‘इजिप्त’ या बोटीबरोबर मे १९२२ मध्ये फ्रान्सजवळ बुडाला आणि दहा वर्षांनी सोन्याचांदीसोबत समुद्रतळातून वर काढला गेला. नाशिकचा छापखाना झाल्यावर हैदराबादच्या नोटा तिथे छापून येऊ लागल्या. म्हणजे हाली नोट कलदाराच्या मुलखात छापली जात होती.

१९२७ मध्ये कलदार १ शिलिंग ६ पेन्सवर बांधला गेला. एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. हालीत तोच पौंड साडेपंधरा रुपयांच्या जरासा वर. हैदराबादने लंडनशी वेगळा दर कधी ठरवलाच नाही. कलदार जिथे जाईल तिथे हाली सात-सहाच्या दोरीने मागोमाग.

आणि चांदीची गोष्ट १९४० मध्ये पुरती संपली. ब्रिटिशांनी कलदारातली चांदी निम्म्यावर आणली: ५.८३ ग्रॅम. आता जुना हाली रुपया, ९.१४ ग्रॅम चांदीचा, नव्या कलदारापेक्षा दीडपटीहून अधिक चांदी बाळगून होता. तरीही सरकारी हिशेबात सात हालींचे सहाच कलदार. १९४७ मध्ये कलदार निकेलचा झाला, चांदी शून्य. दर तोच. ज्या तराजूने हा दर ठरवला, तो तराजूच बाजूला गेला होता. उरला होता तो साठा, सवय आणि एकमेकांत गुंतलेला व्यापार.

आता या दराच्या पोटात शिरू या. माणसांना तो खरा भेटला तो इथे. कलदाराचे हाली करणे सोपे होते. एका आण्याचे बरोबर चौदा पै, म्हणजे एक आणा दोन पै. अर्ध्या आण्याचे सात पै. काही उरत नाही. उलट दिशेला मात्र सातने भागावे लागते, आणि सातचा भाग सोळा आण्यांत बसत नाही, बारा पैंतही बसत नाही. हाली रकमेचे कलदार करताना सात किंवा त्याच्या पटीतली रक्कम नसेल तर पैचा तुकडा उरतोच. पैपेक्षा लहान नाणे नाही. तो तुकडा कुठे जाणार? देणाऱ्याने तो सोडला, असे धरून हिशेब केला तर चित्र असे दिसते:

दोन पै हाली: कलदार १.७१ पै, हाती १ पै, तूट सुमारे ४२ टक्के.
एक पैसा, म्हणजे तीन पै: २.५७ पै, हाती २ पै, तूट २२ टक्के.
एक आणा: १०.२९ पै, हाती १० पै, तूट पावणेतीन टक्के.
एक रुपया: हाती १३ आणे ८ पै, तूट टक्क्याच्या एक तृतीयांश.
दहा रुपये: हाती ८ रुपये ९ आणे १ पै, तूट टक्क्याचा पंचविसावा हिस्सा.
शंभर रुपये: हाती ८५ रुपये ११ आणे ५ पै, तूट नावालाही नाही.

हा माझा कागदावरचा हिशेब आहे, कुणा एका दुकानाचा नाही; प्रत्यक्षात सराफाचा वटाव वेगळा, आणि तोही लहान रकमेला जास्तच बसणार. पण या दराची घडणच अशी होती की हजारांची हुंडी वटवणाऱ्या आडत्याला सात-सहा हा अगदी स्वच्छ, बिनचूक दर होता आणि बार्शीच्या बाजारात चार आण्यांची मिरची घेऊन परत हद्दीपलीकडे जाणाऱ्या बाईला तो तसा नव्हता. एकच दर, सरकारी, स्थिर, वर्षानुवर्षे न हललेला; आणि तरीही त्याची किंमत प्रत्येकाला वेगळी. दराच्या तक्त्यात हे कुठेच दिसत नाही, म्हणून ते मुद्दाम मांडावेसे वाटले.

त्यावर करोडगिरी, म्हणजे हद्दीवरची जकात. १८०२ च्या तहापासून ब्रिटिश मुलखातल्या मालावर निजामाची जकात सर्वसाधारणपणे ५ टक्के. मुंबईत १०० कलदारांना घेतलेले कापडाचे ठाण हद्दीवर ११६ रुपये १० आणे ८ पैंचे होते, जकात धरून १२२ रुपये ८ आण्यांचे. वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा त्यानंतर. विनिमय दर आणि जकात यांची गल्लत करून ‘निजामाच्या राज्यात सगळे महाग’ असे म्हणणे सोपे होते, पण साडेबावीस रुपयांच्या त्या फरकातले सोळा रुपये दहा आणे आठ पै ही महागाई नव्हतीच, तो नुसता मापाचा फरक होता. खरा बोजा ५ रुपये १३ आणे ४ पैंचा.

पैसे बाहेर पाठवण्याची गरज असलेल्यांना हे माप रोज आठवत असणार. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेले विद्यार्थी नागपूर विद्यापीठात गेले. नागपूर मध्य प्रांतात, तिथे कलदार. महिन्याला ३० कलदार लागले तर परभणीच्या किंवा नांदेडच्या घरातून ३५ हाली निघायला हवेत. पाच रुपयांचा फरक हा दर महिन्याला पाळावा लागणारा नियम होता.

स्थिर दराची आणखी एक किंमत असते, आणि ती सगळ्यांना सारखी बसते. मोठ्या चलनात भाववाढ झाली की ती लहान चलनात येतेच. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी रिझर्व्ह बँकेच्या नोटा १८० कोटींच्या आसपास होत्या. युद्ध संपेपर्यंत १,१०० कोटींच्या पुढे गेल्या. हैदराबादने आपल्या नोटा कितीही काटकसरीने काढल्या असत्या तरी सात-सहा पाळायचे तर भाव तिकडच्याबरोबर चढू देणेच भाग होते. १९४२ मध्ये कामाला लागलेल्या हैदराबाद स्टेट बँकेकडे हालीचा कारभार आला, बँकेची इमारत नवी, अधिकारी नवे, पण दराबाबत तिच्या हातात फारसे काही नव्हते. आज नेपाळचे असेच आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी, पाच ला आठ. तिथली मध्यवर्ती बँक भावाकडे बघताना आधी दिल्लीकडे बघते. त्या बदल्यात बीरगंजच्या दुकानदाराला सकाळी उठून दर विचारावा लागत नाही.

१९४७ मध्ये हा दर राजकारणात ओढला गेला. २९ नोव्हेंबरला भारताशी जैसे थे करार झाला आणि त्यानंतर लवकरच हैदराबाद सरकारने दोन वटहुकूम काढले. एकाने मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंदी, दुसऱ्याने भारतीय चलन संस्थानात अवैध. त्याच सुमारास पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिल्याचे उघड झाले. तेव्हाचे पाकिस्तानचे अर्थमंत्री गुलाम मुहम्मद यांनी काही वर्षांपूर्वी हैदराबादचेच अर्थखाते सांभाळले होते. आणि हे कर्ज कशात दिले? भारत सरकारच्या रोख्यांत. हैदराबादची ठेव त्याच रोख्यांत होती. कलदाराला अवैध ठरवणारे सरकार कलदाराच्याच कागदांवर उभे होते. २० कोटी म्हणजे हालीत २३ कोटी ३३ लाख. पण हालीत ते कुणी मागितले नव्हते, कारण कराचीला हालीचा उपयोग नव्हता. लहान चलन मोठ्याला बांधलेले असते तेव्हा त्याची ताकद कुठे ठेवलेली असते, हे या एका व्यवहाराइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनला पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात गेलेले हैदराबादचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंगही असेच. तेव्हाच्या दराने ते १ कोटी ३४ लाख कलदार, १ कोटी ५७ लाख हाली. दावा मात्र शेवटपर्यंत पौंडातच चालला. ऑक्टोबर २०१९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने साडेतीन कोटी पौंड भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने दिले.

हैदराबाद भारतात आणणाऱ्या पोलिस कारवाईनंतर पुढच्याच वर्षी मोठी परीक्षा आली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, भारतीय रुपया त्याच्यासोबत उतरला. डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ वर गेला. हालीत तो ३.८६ वरून ५.५६ वर. सात-सहा जागचे हलले नाही. पण तोपर्यंत आपल्याशी एकास एक असलेला पाकिस्तानी रुपया खाली यायला तयार झाला नाही, आणि १०० पाकिस्तानी रुपयांचे १४४ भारतीय झाले. भारताने तो दर फेब्रुवारी १९५१ पर्यंत मानला नाही. कलकत्त्याच्या गिरण्या पूर्व बंगालच्या तागासाठी अडल्या. शेवटी जुलै १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले आणि दर पुन्हा बरोबरीला आला. एकाच कलदारापासून निघालेल्या दोन नात्यांकडे पाहा. हालीकडे स्वतःची नोट, स्वतःची बँक, स्वतःची टांकसाळ सगळे होते, पण दर वेगळा करण्याचा अधिकार वापरायला जागा नव्हती. म्हणून लातूर आणि बार्शीमधला व्यापार चालू राहिला. पाकिस्तानने तो अधिकार वापरला आणि ताग शेतात पडून राहिला. स्वतंत्र दर हा सार्वभौमत्वाचा दागिना म्हणून मिरवणाऱ्यांनी या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात, असे मला मनापासून वाटते. बांधलेल्या दराचेही दुखणे आहे, ते वर मांडलेच. पण शेजाऱ्याशी व्यापार तुटण्याचे दुखणे त्याहून मोठे.

१९५० पासून संस्थानात भारतीय रुपया मुख्य चलन होऊ लागला. हाली लगेच गेला नाही. काही वर्षे दोन्ही सोबत चालले. भारतात विलीन झाल्यावरही ज्याच्या नोटा चालू राहिल्या, असे हे एकच संस्थान. हैदराबादचे अर्थमंत्री डॉ. मेलकोटे यांची सही असलेली हाली नोट म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या सरकारची हाली नोट. बदलाचा दर तोच ठेवला, हे शहाणपणाचे झाले. ७० हाली पगाराचे ६० रुपये झाले, ४२० हालीच्या कर्जाचे ३६० झाले. कागदावर कुणाचे काही गेले नाही. पण बाजारातल्या लहान किमतींना कागद पुरत नाही. एक आण्याचा चहा नव्या आण्यातही एक आण्यालाच राहिला, तर तो १६.६७ टक्क्यांनी महाग झाला. आणि नेमक्या किमतीला, १०.२९ पैंना, तो विकताच येत नव्हता. युरोपने १९९९ मध्ये आपली चलने एकत्र आणताना सहा अंकांपर्यंतचे दर आणि तुकड्याचा नियम कायद्यात लिहून ठेवला. तरी तिथल्या लोकांची तक्रार चहा-कॉफीच्या किमतीबद्दलच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १ एप्रिल १९५७ ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले. जालन्याच्या एका दुकानदाराने सात-आठ वर्षांत दोन वेळा मोजण्याची पद्धत बदलली. हैदराबाद स्टेट बँक १९५६ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे जाऊन स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि एप्रिल २०१७ मध्ये भारतीय स्टेट बँकेत मिसळली.

आज हा दर कामाला येतो तो कागदपत्रांपुरता, पण तिथे तो फार कामाला येतो. मराठवाड्यातल्या घरांत अजून जुनी खरेदीखते, गहाणखते, फीच्या पावत्या सापडतात आणि नातवंडे त्यांतला आकडा सरळ पुण्या-मुंबईच्या आकड्याशी ताडून पाहतात. तसे करू नये. ‘हाली’ किंवा ‘सिक्का उस्मानिया’ लिहिले असेल तर प्रश्न नाही. नुसते ‘रुपये’ असेल तर आधी गाव पाहावे. सिकंदराबाद, सुलतान बाजार, १९०३ पूर्वीची हिंगोलीची छावणी, किंवा वऱ्हाड असेल तर रुपया कलदार असण्याची शक्यता मोठी. बाकी संस्थानी मुलूख असेल तर हाली. वऱ्हाडाबद्दल एक आकडा इथेच: १९०२ मध्ये ब्रिटिशांनी तो कायमच्या पट्ट्याने घेतला तेव्हा वर्षाला २५ लाख रुपये द्यायचे ठरले, हैदराबादच्या जमाखर्चात ते सात-सहाने २९,१६,६६७ हाली होतात. मग वर्ष पाहावे. १८९३ आणि विसाव्या शतकाची सुरुवात यांमधला कागद असेल तर सात-सहा लावू नये, कारण तेव्हा चांदी पडत होती आणि दर हलत होता. त्यानंतरचा असेल तर निःशंकपणे लावावा. १९४६ सालच्या परभणीकडच्या खतात एकरी २१० रुपये भाव दिसला आणि त्याच वर्षी सोलापूरकडच्या खतात १८०, तर दोन्ही जमिनी एकाच भावाने गेल्या आहेत.